कसले पट्टे?

नववी अ मधल्या वेदिका विधातेचा आवाज पहिली चौदा वर्षं कुणी धड ऐकलाच नव्हता आणि पंधराव्या वर्षी तो कुणाला चुकवता येईना.

झालं असं, की जूनमध्ये भामरे सरांना आर.एस.पी.साठी, म्हणजे रस्ता सुरक्षा पथकासाठी, लीडर हवी होती आणि ती लांबून दिसेल अशी हवी होती. वर्गात सगळ्यांत उंच वेदिका. उंचीची इतकी लाज, की शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसायची. सरांनी तिला उठवलं, डोक्यावर निळी टोपी ठेवली, हातात शिट्टी दिली आणि म्हणाले, "वाजव." वेदिकाने जीव खाऊन वाजवली. मुख्याध्यापक ऑफिसातून बाहेर आले, शेजारच्या झाडावरचे बगळे उडाले, आणि वेदिकाच्या आत इतकी वर्षं घट्ट बसलेलं बूचही त्यासोबत उडालं. त्यानंतर ती थांबलीच नाही. प्रार्थना वेदिका, भाषण वेदिका, शाळा सुटली की रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून उभी तीही वेदिका.

शाळा होती पिंपळगाव बसवंतहून आत वळणाऱ्या रस्त्यावर. समोर द्राक्षांचं पॅकहाऊस, त्याच्या मागे वस्ती. जानेवारी लागला की या रस्त्यावर पिकअप गाड्यांची नुसती झुंबड उडायची. बागेतून माल भरला की पॅकहाऊस, पॅकहाऊसला रिकामी झाली की पुन्हा बाग. वस्तीतली पोरं, पॅकहाऊसच्या बायका, सगळ्यांना दिवसातून चार-चार वेळा हा रस्ता ओलांडावा लागे. म्हणून वेदिकाने अर्ज लिहिला. 'शाळेसमोरील रस्त्यावर पांढरे पट्टे मारून मिळावेत, ही नम्र विनंती.' खाली त्रेचाळीस सह्या. भामरे सरांसोबत ती स्वतः तालुक्याच्या कचेरीत गेली.

तिथल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, "कसले पट्टे?"

"पांढरे!" वेदिका इतक्या दणक्यात म्हणाली, की बाजूच्या माणसाचा चहा बशीत सांडला.

सगळे हसले. क्लार्कही हसला, शिक्का मारला. येताना सर म्हणाले, "वा! असं बोलता आलं पाहिजे." वेदिकाने हा किस्सा पुढचे पंधरा दिवस भेटेल त्याला सांगितला. तिच्याच बाकावरच्या सृष्टीला तर तीनदा.

आणि खरंच, एका सकाळी गाडी आली, गॅसवर पांढरा रंग वितळवला गेला, दुपारपर्यंत पट्टे तयार. सहा. रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवे, अंगठ्याएवढे जाड, उन्हात डोळे दिपवणारे. फक्त ते शाळेच्या गेटसमोर नव्हते, शंभर पावलं अलीकडे, वळण संपतं तिथे होते.

सृष्टी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "वेदे, पुस्तकातल्या चित्रात असे नाहीयेत गं. चित्रात गाडी जाते त्याच दिशेने लांब असतात. हे आडवे आहेत."

"सरकारी पेंटर आहे तो. आता काय ड्रॉइंगचे मार्क देतेस का त्याला?"

सृष्टीने विषय सोडला. वेदिकाशी बोलून जिंकायचे दिवस संपले होते.

मग वेदिकाने शिकवणी सुरू केली. पॅकहाऊसच्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं, वस्तीतल्या पोरांना रांगेत उभं केलं. पट्ट्यांच्या टोकाला थांबायचं, उजवीकडे बघायचं, हात वर करायचा, मग चालायचं. "पांढरे पट्टे म्हणजे पायी चालणाऱ्याचा हक्क!" हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं, की लहान पोरं तिला बघितलं की 'हक्क, हक्क' करत पळायची.

सगळ्यांत अवघड गेली नवसाबाई. ती शाळेच्या गेटवर बोरं विकायची. वय सत्तरच्या आसपास, राहायची वस्तीत. डोक्यावर टोपली घेऊन ती पाहिजे तिथून रस्ता ओलांडायची, आणि तिची स्वतःची एक पद्धत होती. डोळे मिटून उभी राहायची, कान द्यायची आणि निघायची.

"आजी, असं कुणी करतं का?"

"वळनाआड गाडी आसली तर डोळ्याला दिसती व्हय गं? कानाला कळती. चाळीस वर्सं झाली, खरचाटलं बी नाय."

"ते नशीब होतं आजी. आता पट्टे आलेत. आता हक्काने जायचं."

"माझा हक्क म्हनं!" नवसाबाई पदर तोंडाला लावून हसली. "घरात सुनेपुढं चालंना, आन् रस्त्यावं हक्क!"

पण वेदिकाने पिच्छा सोडला नाही. आठवडाभर रोज सकाळी वस्तीत जाऊन तिला घेऊन आली, पट्ट्यांच्या टोकाशी उभं केलं, तिचा हात धरून वर केला. चौथ्या दिवशी एक ट्रॅक्टरवाला खरंच थांबला. हसत हसत मान झुकवली आणि म्हणाला, "या, मॅडम." नवसाबाईचं तोंड असं उजळलं, की बास. त्या दिवसापासून तिने दुसरीकडून रस्ता ओलांडला नाही. वळसा पडायचा, पाय दुखायचे, तरी पट्टेच. गेटवर बसली की गिऱ्हाइकांना सांगायची, "माझ्यासाठी गाड्या थांबत्यात. जन्मात कुनी थांबलं नव्हतं."

फेब्रुवारीतला मंगळवार होता. मोठी सुट्टी. नवसाबाई सकाळची बोरं संपवून घरून दुसरी टोपली घेऊन येत होती. वेदिका गेटवरून बघत होती. आजी पट्ट्यांच्या टोकाशी थांबली. डांबरावर नाही, त्याच्या बाहेर, मातीच्या साइडपट्टीवर. उजवीकडे पाहिलं, हात वर केला. अगदी शिकवल्यासारखं.

वळणावरून कॅरेट भरलेली पिकअप आली. ती सरळ पट्ट्यांवरून आलीच नाही. पहिला पट्टा आला तशी डावीकडची दोन चाकं डांबरावरून खाली उतरली, साइडपट्टीवर. मग धूळ. त्या धुळीतून टोपली एकटीच बाहेर आली, काठावर फिरत फिरत.

बोरं रस्ताभर झाली होती. एरवी एक बोर सांडलं तर दहा हात पडायचे. त्या दिवशी एकाही पोराने उचललं नाही.

पिकअप चालवत होता सहादू. वेदिकाचे पप्पा महेश विधाते त्याच पॅकहाऊसला गाडी चालवायचे, त्यामुळे सहादूकाका तिच्या घरी चहा प्यायला बसणारा माणूस. तो धावतच खाली उतरला. त्यानेच निम्मी कॅरेट रस्त्यावर उतरवली, नवसाबाईला उचलून गाडीत घातलं आणि नाशिकला दवाखान्यात नेलं. जाईपर्यंत ती शुद्धीवर होती. एकच बोलत होती, "मी पट्ट्याला व्हते. मी पट्ट्यालाच व्हते."

तासाभराने पोलीस चौकीतून जमादार आले. तोवर गर्दी जमली होती आणि गर्दीचं ठरलंही होतं. "म्हातारी मधीच आली." "दिसत नाय तिला नीट." "कान देऊन रस्ता ओलांडायची, कदी ना कदी व्हनारच व्हतं."

"खोटं आहे!" वेदिका गर्दीतून पुढे घुसली. "ती मध्ये नव्हती. ती पट्ट्यांपाशी उभी होती."

"कसले पट्टे?" जमादारांनी विचारलं.

वेदिकाने हात केला. जमादारांनी पट्ट्यांकडे पाहिलं, मग तिच्या टोपीकडे. फार प्रेमाने म्हणाले, "बाळा, हे रम्बलर आहेत. गाडीवाल्याने वेग कमी करावा म्हणून मारतात. पुढे शाळा आहे, सावध हो, एवढंच. पायी माणसाने ओलांडायचे पट्टे वेगळे, ते झेब्रा. रस्ता सुरक्षावाली ना तू? इथे उभं राहायला सांगितलं कुणी म्हातारीला?"

सृष्टी आपल्या बुटांकडे बघत होती.

संध्याकाळी जेवताना पप्पांनी आपणहून सांगितलं. ताटात बोटाने रेघा ओढून दाखवल्या. "असे आडवे आले की समजायचं, हळू हो. चाकं खडखडली की पेंगलेला डायवर बी जागा व्हतो."

"मग सहादूकाका हळू का नाही झाले?"

पप्पांनी भाकरी मोडली. "एक्स्पोर्टचा माल व्हता गाडीत. त्या रम्बलरवरून गेलं की घडाचे मणी गळत्यात. सुपरवायजर कॅरेट उघडून बगतो, खाली मणी दिसले की डायवरचा उद्धार. म्हणून दोन चाकं साइडपट्टीला घालायची. निम्मे हादरे कमी. समदेच घालत्यात."

"समदे म्हणजे तुम्हीपण?"

"भाजी वाढ गं जरा," पप्पा आईला म्हणाले.

वेदिका हात धुवायला उठली आणि मोरीपाशी तशीच उभी राहिली. पट्टे नव्हते तेव्हा गाड्या डांबरावरून सरळ जायच्या आणि साइडपट्टी माणसांची होती. पट्टे आले, गाड्या साइडपट्टीवर उतरल्या. आणि नेमकं तिथेच, पट्ट्यांच्या टोकाला, नवसाबाईला नेऊन कुणी उभं केलं? आठवडाभर, रोज सकाळी, हाताला धरून?

दुसऱ्या दिवशी तिने भामरे सरांना सगळं सांगितलं. सरांनी आधी स्टाफरूमचं दार लोटलं.

"अर्जात मी झेब्रा लिहायला हवं होतं सर. मी नुसतं पट्टे लिहिलं."

"अर्ज मीही वाचला होता," सर म्हणाले. क्षणभर वाटलं, ते अजून काही बोलतील. "हे बघ वेदिका, मार्चमध्ये जिल्ह्याचं बक्षीस आहे. आपल्या पथकाचं नाव पुढे आहे. तू कुणाला काय शिकवलंस, हे कुणी विचारलंय का? नाही ना? मग आपण होऊन कशाला?"

गुरुवारी दुपारी पॅकहाऊसच्या बायका सुटल्या आणि शिस्तीत पट्ट्यांच्या टोकाशी जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. वेदिका शिट्टी फुंकत धावली. "इथून नको! इथे उभं राहू नका! हे आपले पट्टे नाहीत!"

"आँ? परवापातूर तर हक्क व्हता आमचा!" एक जण म्हणाली.

"मी चुकीचं सांगितलं होतं, मावशी."

"मंगळवारी हितून, बिस्तरवारी तिथून. पंचांग बगून सांगती का काय गं तू?"

बायका फिदीफिदी हसल्या आणि तिथूनच गेल्या. त्यांच्या मागून एक पिकअप साइडपट्टीवरून धूळ उडवत गेली. पुढे बसलेल्या माणसाने वेदिकाला सलामही ठोकला.

शुक्रवारी शुभांगी आली. नवसाबाईची सून. पॅकहाऊसमध्ये ती घड निवडायची, हातांना अजून द्राक्षाचा चिकटपणा होता. शाळेच्या गेटवरच उभी राहिली. "पाय गुडघ्याखाली मोडलाय. सळई घातली. पुन्हा चालंल का नाय, डाक्टर बोलत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "समदे म्हनत्यात म्हातारी मधी घुसली. पायाचं दुखनं सोसती ती, पन हे सोसंना तिला. दिसभर एकच, मी येडी नाय, मी मधी नव्हते, वेदीला इचारा. तू जबाब दे ना बाळा. तेवढा तरी डाग पुसला जाईल तिच्यावरचा."

"देते," वेदिका म्हणाली.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी ती पप्पांच्या मागे मोटरसायकलवर बसली. जमादारांनी पालकांना घेऊन यायला सांगितलं होतं. तिने जबाब घरूनच लिहून आणला होता, वहीच्या कागदावर, तीन मुद्दे. एक, रम्बलरला ओलांडायचे पट्टे समजून मी आजींना तिथे उभं राहायला शिकवलं, ही माझी चूक. दोन, आजी रस्त्यात नव्हत्या, साइडपट्टीवर उभ्या होत्या. तीन, द्राक्षांना हादरे बसू नयेत म्हणून पिकअपवाले रम्बलर चुकवून साइडपट्टीवरून गाड्या घालतात.

चौकीच्या अलीकडे पप्पांनी गाडी लिंबाखाली थांबवली. "दाव काय लिहिलंय."

वाचायला त्यांना वेळ लागला. "हे तिसरं काढून टाक."

"खरं आहे ते. तुम्हीच सांगितलंत."

"घरात सांगितलं. जेवताना सांगितलेलं आसं कागदावर लिवत्यात व्हय? उद्या समद्यांची लायसनं मागतील. सहादूच्या घरी दोन लेकरं हायेत. सीजन दोन महिन्याचा राहिलाय, वेदे."

"आणि नवसाआजी?"

"तिला कुनी वाईट म्हनतंय का? म्हातारं मानूस, चुकतंय."

"ती चुकलीच नाही पप्पा! मी चुकले आणि सहादूकाका चुकले. ती एकटीच चुकली नाही."

पप्पांनी कागद तिच्या हातात परत दिला. गाडीला किक मारली. तिला वाटलं, पटलं.

जमादारांनी जबाब दोनदा वाचला. "अक्षर छान आहे," म्हणाले. मग तिसऱ्या मुद्द्यावर पेन ठेवलं. "हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

"त्या दिवशी पाहिलं. आणि सगळेच तसं करतात, हे पप्पांना माहितीये. ते पण त्याच रस्त्यावर गाडी चालवतात."

"काय विधाते? असं आहे का?"

पप्पा हेल्मेटची काच शर्टाच्या टोकाने पुसत होते. आधी एक बाजू पुसली, मग दुसरी. "लहान हाय पोरगी," ते म्हणाले. "कुटंतरी ऐकलेलं लिवलंय. आमी डांबरावरूनच जातो साहेब."

वेदिकाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काचेकडे.

"मग तिसरं गेलं," जमादार म्हणाले आणि त्यावर रेघ मारली. "आणि गाडी जर डांबरावरच होती, तर म्हातारीही डांबरावरच असणार ना बाळा? नाहीतर लागली कशी? म्हणजे दुसरंही गेलं." आणखी एक रेघ. "राहिलं पहिलं. ते बरोबर आहे. मी तेच म्हणत होतो." त्यांनी त्यांच्या कागदावर लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "सदर ठिकाणी रस्ता ओलांडण्याची सोय नसताना, जखमी महिला गैरसमजाने त्या ठिकाणी रस्त्यात आली. घे. इथे सही कर. खाली पप्पांची."

"मी असं नाही म्हटलं. मी 'रस्त्यात आली' असं म्हटलंच नाही."

"अगं, तुझ्याच कागदावरून घेतलंय."

"मी सही करणार नाही."

"नको करू," जमादार मुळीच रागावले नाहीत. "तुझ्या सहीवाचून काही अडत नाही. तुझ्या हातचा हा कागद मात्र राहू दे इथे."

येताना मोटरसायकलवर तिने पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. मागची सळई धरली.

नवसाबाईला दहा दिवसांनी घरी आणलं. वेदिका गेली तेव्हा ती खाटेवर होती, पाय उशीवर, तोंड लहानसं झालेलं. तिला बघून हसली. "आली व्हय माझी पोलीसबाई! दिला का गं जबाब?"

वेदिका खाटेच्या कडेला बसली आणि सगळं सांगितलं. पट्टे कसले होते ते. अर्जात काय लिहिलं होतं ते. चौकीत काय झालं, कुठला मुद्दा कसा गेला. थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

नवसाबाईने आढ्याकडे पाहिलं. "म्हंजे ते पट्टे माझे नव्हते."

"नाही आजी. गाडीवाल्यांचे होते."

"आन् गाडीवाला तर पट्ट्यावरून आलाच नाय."

"नाही आला."

"मंग कोनाचेच नाय म्हन की." तिने ओठ मुडपले. "तुझा बाप व्हता ना संगट? त्याला तर समदं ठावं. तो काय म्हनला?"

शुभांगी चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.

"पप्पा खोटं बोलले," वेदिका म्हणाली.

"आसंल," नवसाबाई म्हणाली. "त्याचे दोनी पाय हायेत, त्याला बोलाया काय."

मग नवसाबाईने हाताने खूण करून वेदिकाला जवळ बोलावलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "येक सांग मला. मला शिकायचं व्हतं, म्हून इचारते. मी कुटं उभी राहायला पायजे व्हते?"

वेदिकाने मनातल्या मनात वळणापासून गेटपर्यंत सगळा रस्ता पाहिला. डांबर गाड्यांचं. साइडपट्टी गाड्यांची. पॅकहाऊसच्या कुंपणाला लागून गटार. गटारापलीकडे तार. पुन्हा एकदा पाहिला, उलट्या बाजूने.

"तुला बी नाय ठावं," नवसाबाई म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने तशीच, भिंतीकडे बघत, सुनेला म्हणाली, "शुभांगे, पोरीला रस्त्यापल्याड घालून ये. उगा येकटी नको जाया."

शुभांगीने हात पदराला पुसले. रस्त्याच्या काठाशी आल्यावर तिने वेदिकाचं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट. दोन पिकअप गेल्या. तिसरी गेली. मग ती तिला घेऊन पलीकडे आली, शाळेच्या कुंपणापाशी मनगट सोडलं आणि परत फिरली.